बाहेर बसलेल्या ताटल्या

“तुझ्या ह्या डब्यात हाय तरी काय गं?”

हॉस्पिटलात कॅन्सरच्या गाठीला किरणांचा शेक देतात त्या कोबाल्टच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. मी मांडीवरचा थर्माकोलचा डबा आणखी घट्ट धरला. ‘पेशी आहेत’ म्हटलं असतं तर पेशी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती. म्हणून मी सोपं करून सांगितलं, “ताटल्या आहेत, मावशी. काचेसारख्या प्लास्टिकच्या.”

“ताटल्यांस्नी शेक देतीस?”

“हो.”

“आणि मला न्हाई म्हणत्यात,” बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

चाळिशीच्या असतील. हळदीच्या वखारीत काम करत असाव्यात, कारण नखांच्या कडा पिवळ्याधमक होत्या. सुगंधा येडगे त्यांचं नाव, गाव जतकडचं. रोज सकाळच्या एस.टी.नं यायच्या, दिवसभर या बाकावर बसायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. त्या कुणाची वाट बघत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. मी आमच्या संस्थेतून पीएचडीच्या कामासाठी यायचे. दुपारी पेशंट संपले की हॉस्पिटल आम्हाला ते किरणांचं यंत्र थोडा वेळ वापरू द्यायचं.

दार उघडलं. डॉक्टर मुल्लामॅडम बाहेर आल्या आणि सुगंधाबाईंना बघून जागीच थांबल्या.

“सुगंधाबाई, रोज का येता? मी सांगितलंय ना, हे माझ्या एकटीच्या हातात नाही.”

“मग कुणाच्या हातात हाय त्ये सांगा. त्येच्या दारात जाऊन बसते.”

 मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं मला मान खाली घालावीशी वाटली, आणि मी मान खाली घालणाऱ्यांतली नव्हते. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही.

“हिच्या सरांच्या हातात आहे,” मॅडम शेवटी म्हणाल्या.

“त्ये कसं काय?” सुगंधाबाईंनी विचारलं.

मॅडमना कॉरिडॉरमध्ये बोलायचं नव्हतं. सुगंधाबाईंना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मला गर्भाच्या पिशवीच्या तोंडाला गाठ हाय. आणि दुसरा त्यो रोग बी हाय. नवरा जाताना ठेवून गेला. लपवून काय हुतंय? बोला मॅडम तुमी.”

मग मॅडमनी सांगितलं. आमच्या नेर्लेकर सरांनी इथल्या डॉक्टरांपुढे व्याख्यान दिलं होतं. एचआयव्हीचा विषाणू पेशीत झोपून राहतो, अतिनील किरण पडले की त्याचं जनुक जागं होतं, आणि कोबाल्टच्या किरणांनीही होतं, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. तेव्हापासून हॉस्पिटलच्या समितीनं एचआयव्हीच्या रोग्यांना शेक द्यायचं बंद केलं. एक रोग बरा करायला जायचं आणि दुसरा उसळायचा, असं त्यांचं म्हणणं.

सुगंधाबाईंनी माझ्या डब्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे तुझ्या ह्या ताटल्यांनी सांगितलं व्हय, हिला शेक देऊ नगा म्हणून?”

मी डबा त्यांच्या बोटाखालून काढून घेतला. त्या ताटल्या मीच वाढवलेल्या होत्या, मीच त्यांना कोबाल्टखाली ठेवत होते आणि सरांच्या व्याख्यानातले निळे फोटो मीच काढलेले होते.

निघताना मॅडम माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “गाठ अजून शेकाच्या आवाक्यात आहे. आणखी थोडे आठवडे गेले की राहणार नाही. पुढच्या गुरुवारी समितीची शेवटची बैठक आहे. तुमचे सर येणार आहेत. तुमचा प्रयोग पक्का आहे ना हो?”

“पक्का आहे,” मी म्हटलं. सरांचा प्रयोग कच्चा असू शकतो हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

नेर्लेकर सर मूळचे भौतिकशास्त्राचे. किरणांचं गणित त्यांच्या बोटांवर असायचं, पेशींकडे मात्र ते उशिरा आले, आणि उशिरा आलेल्या सुनेसारखे त्यांचे नियम घरच्यांपेक्षा कडक होते. मला पेशी सांभाळायला त्यांनीच शिकवलं. माझा हात चुकला तर रागवायचे नाहीत, “तिला भूक लागलीय, आधी खायला घाल,” असं ताटलीबद्दल म्हणायचे. मला सर मनापासून आवडायचे, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचताना ते लक्षात असलेलं बरं.

आमच्या ताटल्यांत माणसाच्या पेशी असायच्या. दूर कुठल्या देशातल्या एका बाईच्या गाठीतून फार पूर्वी काढलेल्या. तीही गाठ गर्भाशयाच्या तोंडाचीच, सुगंधाबाईंना होती तीच. त्या पेशींत एचआयव्हीचा अख्खा विषाणू नव्हता, त्याच्या जनुकाचा फक्त स्विच बसवलेला होता. स्विच चालू झाला की दुसऱ्या दिवशी रंग टाकल्यावर पेशी निळ्या व्हायच्या. बंद राहिला तर निळ्या होत नसत. अतिनील किरण, म्हणजे जंतू मारायच्या जांभळ्या नळीतून येतात ते, टाकले की ताटली निळीशार व्हायची. त्याबद्दल वादच नव्हता. पण सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. कोबाल्टनंही निळं होतं, म्हणजे विषाणूला कुठलाही किरण चालतो. “किरण म्हणजे किरण, कुमुद,” ते म्हणायचे, आणि टेबलावर चापट मारायचे.

आता त्या दिव्याबद्दल सांगायला हवं. मी रुजू व्हायच्या आदल्या वर्षी लॅबमध्ये बुरशी शिरली होती आणि सगळ्या पेशी गेल्या होत्या. सरांनी त्याचा धसका घेतला. तेव्हापासून नियम झाला की बाहेरून आलेलं काहीही आधी पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटातल्या जांभळ्या दिव्याखाली ठेवायचं, मगच आत घ्यायचं. कोबाल्टहून परत आलेल्या ताटल्यासुद्धा, झाकण काढून, थोडा वेळ. पेशी त्यानं मरत नाहीत हे सरांनी तपासून बघितलं होतं. मरत नाहीत म्हटल्यावर विषय संपला. आम्ही मुलं त्याला सोवळ्याचा दिवा म्हणायचो. ज्या ताटल्यांना कोबाल्ट द्यायचाच नसायचा, ज्यांच्याशी तुलना करायची, त्या लॅब सोडून कुठे जायच्याच नाहीत. घरच्यांना कसला विटाळ? त्या दिव्याखालून जायच्या नाहीत.

वाचणाऱ्याला इथेच खटकलं असेल. आम्हा कुणाला खटकलं नाही. अतिनीलच्या प्रयोगाचा दिवा वेगळ्या खोलीत होता, त्याला मोजायचं यंत्र लावलेलं होतं, तो शास्त्राचा दिवा. हा सोवळ्याचा. दोन्ही नळ्या एकाच दुकानातून यायच्या, पण आमच्या डोक्यात त्यांची जात वेगळी होती.

त्या दिवशी मी हॉस्पिटलमधून परत आले ती सुगंधाबाईंचं बोट डोळ्यांसमोर घेऊन. डोकं ठिकाणावर नव्हतं. ताटल्या दिव्याखाली ठेवल्या, झाकणं काढली, आणि एका ताटलीचं झाकण बाजूला ठेवायच्याऐवजी तसंच तिच्यावर कलंडून राहिलं. लक्षात आलं तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी रंग टाकला. बाकीच्या ताटल्या नेहमीसारख्या सगळ्या निळ्या. त्या एकीत मात्र निळी चंद्रकोर होती. जेवढा भाग झाकणाबाहेर राहिला होता तेवढाच निळा. झाकणाखालचा भाग कोरा.

मी ती ताटली हातात घेऊन स्टुलावर बसले. कोबाल्टचा किरण अंगातून आरपार जातो, म्हणून तर तो आतल्या गाठीपर्यंत पोचतो. त्याला थांबवायला हॉस्पिटलनं दोन-तीन हात जाडीची भिंत घातली होती. त्याची सावली प्लास्टिकचं पातळ झाकण कसं पाडेल? त्या झाकणाला अडतो तो एकच किरण होता, आणि तो आमच्या सोवळ्याच्या दिव्यातून यायचा.

सरांकडे गेले. त्यांनी ताटली बघितली आणि चष्मा काढला.

“रंग नीट पसरला नाही.”

“कडा बघा सर. कंपासनं काढल्यासारखी आहे.”

“मग पेशी नीट पसरल्या नसतील. तुझं लक्ष नव्हतं काल.”

“लक्ष नव्हतं म्हणूनच तर हे दिसलं.” आवाज चढला होता माझा. “सर, कोबाल्टनं काहीच होत नाही. आपला सोवळ्याचा दिवा स्विच चालू करतो. घरच्या ताटल्या दिव्याखालून जात नाहीत, म्हणून त्या कोऱ्या राहतात. मला त्यांनाही हॉस्पिटलला नेऊन आणायचंय. कोबाल्ट द्यायचा नाही, नुसतं बाहेर बसवायचं आणि परत आणायचं.”

“काही न देण्यासाठी रिक्षानं फिरवून आणायचं?” सर हसले. “पेशींची सहल काढतेस का?”

“हो. काढते.”

सरांचं हसू गेलं. “कुमुद, मी हे सगळ्यांपुढे मांडलंय. लेख छापायला गेलाय. घरच्या प्लेटा घरी राहतील. आणि तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते, हे विसरू नकोस.”

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. पण ज्याला मासा म्हणत होते तो माझा गुरू होता, आणि पाण्यात मी एकटी नव्हते. बाकावर एक बाई बसलेली होती.

“सही तुमचीच लागते सर,” मी म्हटलं. “म्हणून सांगून जातेय. उद्या दुपारी दोन डबे नेणार आहे.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांत दोन डबे घेऊन मी मुद्दाम त्यांच्या खोलीवरून गेले. दार उघडं होतं. सरांनी वर बघितलं, पण ते उठले नाहीत. त्यांनी अडवलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक डब्यासकट धक्का मारला असता.

सुगंधाबाई बाकावर होत्याच. एक डबा आत गेला, एक माझ्या मांडीवर राहिला.

“ह्यांस्नी आत न्हाई घेतलं?”

“नाही मावशी. यांना नुसतं बाहेर बसवायचं.”

“काय चूक केली त्यांनी?”

“काहीच नाही. त्यांची काही चूक नाही हेच बघायचंय.”

त्यांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला, तापातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. “म्हंजे माझ्यागत,” त्या म्हणाल्या. मग पदराची गाठ सोडून त्यांनी गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला. “खा. तुझ्या त्वांडाकडं बघवंना झालंय.”

मी गूळ खाल्ला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता म्हणून रडले नाही.

लॅबमध्ये परत आल्यावर मी दोन्ही डब्यांतल्या निम्म्या ताटल्या दिव्याखाली ठेवल्या, निम्म्या ठेवल्याच नाहीत. बुरशी आली तर येऊ दे म्हटलं. आली नाही. दुसऱ्या दिवशी रंग टाकला तेव्हा उत्तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ज्या दिव्याखाली गेल्या त्या निळ्या, मग आत कोबाल्ट खाऊन आलेल्या असोत की बाहेर बाकावर बसून आलेल्या. ज्या दिव्याखाली गेल्या नाहीत त्या कोऱ्या. कोबाल्ट खाऊनसुद्धा कोऱ्या. मी पुन्हा एकदा सगळं केलं. पुन्हा तेच.

सरांच्या टेबलावर ताटल्या ठेवल्या, तर ते फाइलमध्ये डोकं घालून म्हणाले, “बैठकीनंतर बघू.”

“बैठकीआधी बघा सर.”

“नंतर.”

गुरुवारी मी बोलावणं नसताना बैठकीला गेले. लांब टेबलाभोवती डॉक्टर मंडळी, टोकाला समितीचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी सर. मुल्लामॅडम सुगंधाबाईंची केस सांगत होत्या. मी आत जाऊन टेबलावर ताटल्या मांडायला लागले.

“ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी विद्यार्थिनी,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “कुमुद, बाहेर थांब.”

“बाहेर बसून झालं सर, खूप.” मी ताटल्या दोन-दोन करून लावल्या. “या दोन निळ्या आहेत. यातल्या एकीला कोबाल्ट मिळालाय, दुसरीला नाही. या दोन कोऱ्या आहेत. यांच्यातही एकीला मिळालाय, एकीला नाही. निळ्या आहेत त्या आमच्या लॅबच्या जंतू मारायच्या दिव्यानं. कोबाल्टनं विषाणूचं जनुक जागं झालं नाही. ज्या कारणासाठी तुम्ही त्या बाईंना नाही म्हणताय, ते कारणच खोटं आहे.”

“माझ्या परवानगीशिवाय केलेला प्रयोग आहे,” सर म्हणाले.

“हो. परवानगीशिवाय केला. पण केला बरोबर.”

एक वयस्क डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघा, प्लेट म्हणजे बाई नव्हे. प्लेटमध्ये काही झालं नाही म्हणून बाईच्या शरीरात होणार नाही असं कसं म्हणता येईल?”

“मान्य आहे,” मी म्हटलं. “मग प्लेटवरून बाईला नाही कसं म्हणालात?”

 सरांनी हात पुढे करून चंद्रकोरीची ताटली उचलली. मी ती शेवटी ठेवली होती. खिडकीच्या उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्या क्षणी ते बैठकीत नव्हते, मला पेशी शिकवायचे तेव्हाचेच सर होते.

“दिव्याखाली किती वेळ होती?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही ठरवून दिलाय तेवढाच.”

त्यांनी ताटली हलकेच खाली ठेवली. “मला हे स्वतः करून बघावं लागेल. तोवर मी माझं मत मागे घेणार नाही.”

“तोवर सुगंधाबाईंनी काय करायचं?” हे मी नाही, मुल्लामॅडम बोलल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “मी सोमवारपासून शेक सुरू करतेय. रक्त जातंय तिचं. नाही म्हणायचं असेल तर अध्यक्षांनी कारणासकट लेखी द्यावं. कारण काय लिहिणार, ते आधी या मुलीला विचारा.”

अध्यक्षांनी सरांकडे बघितलं, सरांनी ताटल्यांकडे. लेखी द्यायला कुणी तयार झालं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सरांनी मला गाठलं. “माझ्या लॅबमधलं तुझं काम संपलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

“ठीक आहे सर,” मी म्हटलं. “तो दिवा तेवढा बंद करा.”

पदवी मला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाच्या सहीनं, बरीच उशिरा मिळाली. सरांनी पुढच्या वर्षी तो प्रयोग स्वतः केला आणि आपलं चुकलं होतं असं छापून दिलं. त्याला मोठं मन लागतं, ते त्यांच्याजवळ होतं. त्या छापलेल्यात माझं नाव नव्हतं. त्याचा मला राग आला, आजही येतो आणि तो गिळायची मला काही गरज वाटत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा माझ्याजवळ ना डबा होता ना लॅब. सुगंधाबाई बाकावर नव्हत्या, कोबाल्टच्या दारात उभ्या होत्या, हॉस्पिटलचा ढगळ झगा घालून. केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता आणि कपाळावर, कुणी काही म्हणो, कुंकू लावलं होतं.

“आलीस व्हय,” त्या म्हणाल्या. “ताटल्या कुटं हायती?”

“आज नाहीत आणल्या.”

“आत लई अंधार असतोय का गं?”

“नाही. चांगला उजेड असतो. दुखतही नाही. थोडा वेळ एकटीनं पडून राहायचं.”

“तू बी चल की.”

“आत दुसऱ्या कुणाला जाता येत नाही, मावशी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्या मोकळ्या बाकाकडे हात केला, आणि पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशाच हसल्या.

“मग बस भाईर,” त्या म्हणाल्या. “ह्या बारीला तू बस. मी जाते आत.”

जाड दार सावकाश लोटलं गेलं आणि वरचा लाल दिवा लागला. मी बाकावर बसले.